तिरक्या कमरेच्या गिटारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पाऊस सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार आला आहे : बेताच्या किमतीतील ऑफसेट इलेक्ट्रिक गिटार. पत्रे निरनिराळ्या गावांतून आली असली, तरी बहुतेकांची विचारणा रंग, पिकअप (तारांचा कंप पकडणारा चुंबकी भाग) आणि नाव यांच्याभोवती फिरते. गिटार घरी आल्यावर ती हातात राहते की खुंटीला टांगली जाते हे ज्या भागावर फार अवलंबून असते, त्या ब्रिजविषयी, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा ज्यावर टेकतात त्या भागाविषयी, मात्र विकत घेण्याआधी क्वचितच कोणी विचारतो. म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे आणि दोन वर्षे साधी गिटार शिकते आहे. शाळेच्या वाद्यवृंदासाठी तिला आता इलेक्ट्रिक गिटार हवी आहे आणि तिने जॅझमास्टर मनाशी ठरवून ठेवली आहे. पणजीच्या दुकानात मस्टँग घ्या असे सांगितले. मडगावच्या दुकानात सांगितले की थोडे थांबा, पण क्लासिक व्हाइब मालिकेतली जॅझमास्टरच घ्या. अ‍ॅम्प धरून ३५,००० रुपयांच्या आत बसवायचे आहे. काय करावे? (एक पालक, फोंडा)

उत्तर : ‘ऑफसेट’ हा शब्द दुकानांत फार सैलपणे वापरला जातो, म्हणून आधी तो समजून घेऊ. साध्या गिटारीच्या दोन्ही बाजूंना आत वळलेली जी कंबर असते, ती समोरासमोर असते. ऑफसेट गिटारीत एका बाजूची कंबर पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे सरकवलेली असते, त्यामुळे सारे अंग तिरके दिसते. बसून वाजवणाऱ्याच्या मांडीवर वाद्य नीट टेकावे, या हेतूने हा आकार काढला गेला. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५८ मध्ये जॅझमास्टर आणली तेव्हा तिच्यासमोर जॅझचे वादक होते. त्यांनी ती फारशी उचलली नाही. ती उचलली कॅलिफोर्नियातल्या सर्फ संगीत वाजवणाऱ्या तरुणांनी. १९६२ मध्ये जॅग्वार आली आणि १९६४ मध्ये शिकणाऱ्यांसाठी मस्टँग. पुढे या गिटारींची चलती ओसरली, १९७५ ते १९८२ या काळात तिन्हींचे उत्पादन एकेक करून थांबले, आणि जुन्या बाजारात त्या स्वस्त मिळू लागल्यामुळे खिशात पैसा नसलेल्या नव्या वादकांच्या हाती गेल्या. सॉनिक यूथ हा रॉक गट, तसेच जे मॅस्किस, केव्हिन शील्ड्स, कर्ट कोबेन या रॉक वादकांच्या हातांत ही वाद्ये दिसतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे. आज जुन्या मूळ गिटारींच्या किमती आपल्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत, त्यामुळे आपली निवड मुख्यतः फेंडरच्याच स्वस्त शाखेतून, म्हणजे स्क्वायरमधून, करायची आहे.

या गिटारींतला पहिला फरक तारेच्या लांबीचा, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग कंप पावतो त्याचा आहे. जॅझमास्टरमध्ये तो २५.५ इंच असतो, जॅग्वार आणि मस्टँगमध्ये २४ इंच. दीड इंचाने काय बिघडते असे वाटेल, पण हिशेब करून पाहावा. पहिल्या चार फ्रेटपर्यंतचे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंतचे) अंतर जॅझमास्टरवर सुमारे १३४ मिलिमीटर भरते आणि मस्टँगवर सुमारे १२६. हे ८ मिलिमीटर १३ वर्षांच्या हाताला चांगलेच जाणवतात. शिवाय त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर २४ इंचांवर तिचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. पहिले बोट सगळ्या तारांवर आडवे टाकून एफ कॉर्ड धरताना ज्यांची बोटे दुखतात, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा, फरक ब्रिजचा. मूळ जॅझमास्टर आणि जॅग्वारचा ब्रिज अंगाला पक्का बसवलेला नसतो. तो दोन पायांवर उभा असतो, ट्रेमोलोचा, म्हणजे सूर हलवण्याच्या यंत्रणेचा, दांडा दाबला की तारांबरोबर किंचित डुलतो, आणि तारा त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर ट्रेमोलोच्या पट्टीत अडकवलेल्या असतात. ही रचना नीट लावली तर अतिशय गोड चालते, परंतु ती लावायला जाणता हात आणि वाजवणाऱ्याची थोडी समज लागते. स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेतील जॅझमास्टर, जॅग्वार आणि मस्टँग या तिन्हींत डुलता ब्रिज आहे. स्क्वायरच्याच सोनिक मालिकेतील मस्टँगचा ब्रिज मात्र स्थिर आहे, तिच्यात ट्रेमोलो नाही, आणि म्हणूनच ती सुरात लावली की बराच वेळ सुरात राहते. अ‍ॅफिनिटी मालिकेतील जॅझमास्टर या दोहोंच्या मधली आहे : नाव आणि आकार जॅझमास्टरचा, पण ट्रेमोलो स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीचा, आणि मूळ गिटारीतले वेगळे, मऊ आवाजाचे ऱ्हिदम सर्किट तिच्यात नाही.

आपल्या कन्येसाठी मी सोनिक मस्टँग सुचवतो, आणि ती स्वस्त आहे म्हणून नव्हे. वाद्यवृंदात दहा-बारा मुलांबरोबर वाजवताना जी गिटार दर दोन गाण्यांनंतर बेसूर होते, ती मुलाच्या मनात स्वतःच्या कानाविषयी शंका निर्माण करते, आणि ही शंका एकदा बसली की काढायला फार वेळ लागतो. स्थिर ब्रिज हे संकट बरेचसे टाळतो. क्लासिक व्हाइब गिटारीची किंमत सोनिकच्या दुपटीहून अधिक असते. मडगावचा सल्ला मानला तर आपली सारी रक्कम गिटारीतच संपेल आणि अ‍ॅम्पसाठी पुन्हा थांबावे लागेल. त्यापेक्षा उरलेल्या पैशांत १० ते २० वॅटचा, रिव्हर्ब असलेला अ‍ॅम्प घ्यावा आणि थोडी रक्कम सेटअपसाठी, म्हणजे कारागिराकडून गिटार नीट लावून घेण्यासाठी, बाजूला ठेवावी. स्वस्त गिटारीत नटच्या खाचा बहुधा उथळ कापलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार जास्त दाबावी लागते आणि सूर चढतो. जाणकार कारागीर हे एका तासात ठीक करतो. त्याच वेळी त्याला १० चा संच, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची असलेला तारांचा संच, चढवायला सांगावे. २४ इंचांवर ९ च्या तारा इतक्या सैल लागतात की मुलांच्या जोरकस बोटांखाली त्या सुरातून सरकतात.

तरीही दुकानात कन्येला बरोबर न्यावे, दोन्ही गिटारी तिच्या मांडीवर द्याव्यात आणि तिला खुर्चीवर बसून १५ मिनिटे वाजवू द्यावे. ती जॅझमास्टरवरच अडून राहिली आणि तिचा हात खरोखरच पुरत असेल, तर अ‍ॅफिनिटी घेण्यात चूक नाही; फक्त तिला हव्या असलेल्या आवाजाचा सगळा भाग तिच्यात मिळणार नाही, हे तिला आधीच प्रामाणिकपणे सांगावे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. साठवलेल्या पैशांतून क्लासिक व्हाइब जॅझमास्टर घेतली. जोरात वाजवले की जाडी ई तार सॅडलवरून (ब्रिजवरच्या तिच्या टेकूवरून) घसरते आणि काही सुरांवर ब्रिजमधून खडखड ऐकू येते. मित्र म्हणतात की हे मॉडेलच सदोष आहे, विकून टाक. विकू का? (एक विद्यार्थी, वास्को)

उत्तर : विकू नका. तुमच्या गिटारीत दोष नाही. तिच्यावर लावलेल्या तारा आणि तिची रचना यांचा मेळ बसलेला नाही.

तार सॅडलवरून पलीकडे जाताना मागच्या बाजूला खाली वळते, आणि त्या वळणामुळेच ती सॅडलवर दाबून बसते. जॅझमास्टरचा ट्रेमोलो ब्रिजपासून दूर असल्यामुळे हे वळण फार उथळ आहे आणि दाब कमी आहे. १९५८ मध्ये ही रचना झाली तेव्हा वादक जाड तारा वापरत, सर्वांत बारीक तारसुद्धा १२ ची आणि बहुधा सपाट गुंडाळीची, त्यामुळे तारेच्या ताणानेच कमी वळणाची भरपाई होत असे. आज सर्वत्र मिळणाऱ्या ९ च्या संचाला तेवढा ताण नसतो. त्यात मूळ धर्तीच्या सॅडलवर पेचासारखे बारीक आटे असतात आणि तार त्यांतल्या एका उथळ आट्यात टेकलेली असते. जोराचा फटका बसला की ती शेजारच्या आट्यात उडी मारते. तुमचे मित्र ज्याला दोष म्हणतात तो हा.

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे : ११ चा संच लावा. जॅझमास्टरच्या २५.५ इंचांवर सुरुवातीला तो कडक वाटेल, महिन्याभरात बोटे सरावतात. तारा बदलल्यावर नेकचा, म्हणजे गिटारीच्या मानेचा, वाक थोडा वाढेल, म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक ठरवणारी सळई) तपासून घ्या, आणि नटच्या खाचांत जाड तारा अडकत नाहीत ना हेही पाहा.

एवढ्याने भागले नाही तर नेकखाली पाचर द्यावी. तारा सैल करून नेकचे चार स्क्रू काढायचे, नेकच्या खाचेत ब्रिजच्या बाजूच्या टोकाला साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवायची आणि नेक पुन्हा घट्ट बसवायची. नेक किंचित मागे कलते, तारा फ्रेटवर टेकू लागतात, आणि त्या पुन्हा योग्य उंचीवर आणण्यासाठी ब्रिज वर करावा लागतो. ब्रिज वर गेला की मागचे वळण खोल होते आणि सॅडलवरचा दाब वाढतो. खाचेच्या पूर्ण लांबीची, एका बाजूने निमुळती अशी लाकडी पट्टी मिळाली तर सर्वांत उत्तम, पण जाड कागदाच्या पट्टीनेही काम होते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली पहिली जॅझमास्टर एका दुकानाने ‘बनावटीत खोट’ म्हणून कमी किमतीत काढून टाकली होती. लग्नपत्रिकेच्या कागदाची दुपदरी घडी आणि ११ च्या तारा, एवढ्यावर ती उभी राहिली, आणि तिचा मालक आजही तीच गिटार घेऊन वाजवायला जातो. त्या दिवसापासून कुणी या गिटारीला सदोष म्हटले की मला मनापासून वाईट वाटते, कारण चांगली वाद्ये केवळ अज्ञानापोटी घराबाहेर जातात.

खडखडीचे कारण बहुधा वेगळे आहे. प्रत्येक सॅडलच्या उंचीसाठी दोन बारीक स्क्रू असतात. त्यांच्यावर पुरेसा दाब नसला की ते कंपनाने ढिले होतात आणि वाजू लागतात. दाब वाढल्यावर पुष्कळदा खडखड आपोआप थांबते. तरी राहिलीच तर स्क्रूच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब लावून, तो वाळण्याआधी उंची ठरवून घ्या; पुढे गरज पडली तर किल्लीने तो सहज सुटतो. ब्रिज फार डुलत असेल तर त्याच्या पायांना इलेक्ट्रिशियनच्या टेपचा एक वेढा देता येतो. मात्र ब्रिज पूर्ण जखडला तर ट्रेमोलो वापरल्यावर तारा सॅडलवर घासतात आणि सुरात परत येत नाहीत. म्हणून जे दांडा वापरतच नाहीत त्यांनीच हे करावे.

याशिवाय तुम्हाला मस्टँगचा ब्रिज बसवण्याचा सल्ला कुणी ना कुणी देईल. तो जॅझमास्टरच्या भोकांत बसतो आणि त्याच्या प्रत्येक सॅडलला एकच खोल खाच असल्यामुळे तार घसरत नाही. सल्ला चांगला आहे, पण मूळ धर्तीच्या मस्टँग ब्रिजवर सॅडलची उंची वेगवेगळी करता येत नाही आणि त्याची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची असते, तर तुमच्या गिटारीच्या फिंगरबोर्डची ९.५ इंच आहे. मधल्या तारा किंचित उंच राहतील. बहुतेकांना हे चालते. बारकाईने वाजवणाऱ्याला खटकते. पैसे खर्च करण्याआधी कागदाची घडी करून पाहा.

ब्रिजच्या मागे तारांचा जो तुकडा राहतो तोही काही सुरांवर गुणगुणतो. ती खडखड नव्हे. तो या गिटारीचा स्वभाव आहे आणि पुष्कळ वादक मुद्दाम त्याचा उपयोग करतात. नको असेल तर तारांमध्ये फेल्टची एक पट्टी ओवावी.

प्रश्न : मी भजनी मंडळात आणि अधूनमधून नाट्यगीतांच्या कार्यक्रमात गिटारची साथ करतो. साध्या गिटारीला माइक लावला की शीळ येते, म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची आहे. तिरक्या आकाराची गिटार बसून वाजवायला बरी म्हणतात. जॅझमास्टर, जॅग्वार की मस्टँग? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपल्या कामासाठी या तिघींत जॅझमास्टर, आणि शक्य असल्यास क्लासिक व्हाइब मालिकेतलीच. वर पहिल्या पत्राला मी याच्या उलट सल्ला दिला आहे. वाजवण्याचे ठिकाण बदलले की वाद्य बदलते.

पहिले कारण पेटीचे. पेटीचा सूर बदलत नाही. गिटारीलाच तिच्याशी जुळून घ्यावे लागते. गवयाने काळी एक धरली तर आपण पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीच्या कॉर्ड वाजवणार, काळी दोन धरली तर तिसऱ्या फ्रेटवर. कॅपोचा दाब सैल तारेला वर ओढतो, आणि २४ इंचांवर तारा सैल असल्याने जॅग्वार व मस्टँगवर हा चढलेला सूर पेटीशेजारी लगेच कानाला लागतो. २५.५ इंचांवर ११ किंवा १२ च्या तारा लावल्या तर हा त्रास फार कमी होतो. कॅपो लावल्यानंतर प्रत्येक वेळी पेटीच्या पट्टीशी तारा पुन्हा ताडून घ्याव्यात. बऱ्याच जुन्या पेट्या ए = ४४० हर्ट्झला नसतात, तेव्हा निव्वळ ट्यूनरवर विसंबून चालत नाही.

दुसरे कारण आवाजाचे. जॅझमास्टरचे पिकअप रुंद आणि चपटे असतात. त्यांची तार पसरट गुंडाळलेली असल्याने गिटारीच्या तारेचा अधिक लांब भाग त्यांच्या टप्प्यात येतो आणि आवाजाला भरीवपणा येतो. वरच्या बाजूची छोटी सरकती कळ ढकलली की ऱ्हिदम सर्किट चालू होते : फक्त नेककडचा पिकअप, स्वतंत्र व्हॉल्यूम आणि टोन, आणि मुख्य सर्किटपेक्षा पुष्कळ मऊ, गोलसर आवाज. कित्येक रॉक वादक ही कळ चुकून ढकलली जाऊ नये म्हणून टेपने बंद करतात. आपल्यासाठी मात्र तीच सर्वांत उपयोगी आहे. गायन चालू असताना ऱ्हिदम सर्किटवर कमी आवाज ठेवावा, आणि मधल्या वाद्यसंगीताच्या तुकड्यात कळ खाली करून मुख्य सर्किटवर यावे. ना अ‍ॅम्पकडे जावे लागते, ना पायाखाली पेडल ठेवावे लागते. सपाट गुंडाळीच्या तारा लावल्यास बोटे सरकताना होणारा करकर आवाजही जातो, आणि अभंगाच्या संथ लयीत हा आवाज किती खुपतो हे आपण जाणताच.

जॅग्वारचा आवाज अधिक टोकदार असतो. तिच्या पिकअपभोवती धातूची दातेरी चौकट असते आणि खर्ज कमी करणारी वेगळी कळही असते. तबल्याच्या चाटीबरोबर हा आवाज आपटतो, असे मला वाटते. मस्टँग आपल्या कामाला हलकी पडेल.

प्रश्न : माझ्या सिंगल-कॉइल गिटारीतून सतत घूं असा आवाज येतो. गिटार बदलावी का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आधी घरातली वीज तपासावी. सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप आजूबाजूच्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर थोडीफार ओढणारच. अ‍ॅम्पसमोर उभे राहून गिटार हळूहळू काटकोनात फिरवा. फिरवल्यावर घरघर कमी-जास्त होत असेल तर ती अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा जवळच्या एखाद्या उपकरणातून येते आहे, आणि जागा बदलली की ती घटते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर गिटारीच्या आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी लावून घ्यावी. हात लावल्यावर ती वाढत असेल तर आतल्या जोडणीत चूक आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मोबाइलचा चार्जर बंद करून पाहावेत, कारण पुष्कळदा गुन्हेगार तेच असतात.

जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्याला अर्थिंग जोडलेलेच नसते. हा प्रश्न घरघरीपुरता नाही. गिटारीच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि अर्थिंग नसलेल्या अ‍ॅम्पवर वाजवत ओठ माइकला लावला तर जोराचा झटका बसू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावे आणि अ‍ॅम्पची तिसरी पिन कधीही काढून टाकू नये.

जॅझमास्टर असेल तर मधल्या स्थितीत, म्हणजे दोन्ही पिकअप चालू असताना, घरघर जवळजवळ नाहीशी होते, कारण दोन्ही कॉइल परस्परांच्या उलट बांधलेल्या असतात. एवढे करूनही घरघर नकोच असेल तर दोन हंबकर (घरघर मारणारे दुहेरी गुंडाळीचे पिकअप) असलेली सोनिक मस्टँग मिळते. मात्र तिचा आवाज जाड आहे, सिंगल-कॉइलचा मोकळेपणा तिच्यात नाही.

प्रश्न : ऑनलाइन फार स्वस्तात ऑफसेट आकाराच्या, अनोळखी नावाच्या गिटारी दिसतात. घ्याव्यात का? (एक वाचक, सावर्डे)

उत्तर : हातात घेऊन पाहता येत असेल तरच. फ्रेटची टोके बोटाला लागतात का, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळतो का, आणि ब्रिज स्थिर आहे का, या तीन गोष्टी पाहाव्यात. स्वस्त गिटारीवर डुलता ब्रिज मी कुणालाही सुचवणार नाही.

प्रश्न : हरमलला राहणारे एक परदेशी पाहुणे मायदेशी परतताना त्यांची स्क्वायर व्हिंटेज मॉडिफाइड जॅग्वार विकत आहेत. तीन पावसाळे ती समुद्राजवळच्या खोलीत होती. घेण्याआधी काय पाहावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : गिटार घेण्याजोगी आहे. या मालिकेत २०१२ च्या सुमारास आलेल्या जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटारींत डंकन डिझाइन्ड पिकअप असत, आणि २०१९ मध्ये त्यांची जागा क्लासिक व्हाइब मालिकेने घेतली. हेडस्टॉकमागचा (खुंट्या असलेल्या डोक्यामागचा) क्रमांक पाहावा : आयसीएस या अक्षरांनी सुरू होत असेल तर गिटार इंडोनेशियात बनलेली आहे आणि पुढचे दोन अंक बहुधा वर्ष सांगतात.

समुद्राची हवा लाकडापेक्षा लोखंडाला आधी खाते, आणि जॅग्वारवर लोखंड भरपूर आहे. पहिल्यांदा ब्रिज पाहावा. सॅडलचे बारीक स्क्रू आणि ब्रिजच्या पायांतले उंचीचे स्क्रू किल्लीने फिरतात का, हे विकणाऱ्यासमोरच करून पाहावे. ते गंजून घट्ट झाले असतील तर किल्लीचे तोंड घसरते आणि स्क्रूचा माथा निकामी होतो. अशा वेळी नव्या ब्रिजची किंमत सौद्यातून कमी करून मागावी. संकोच करू नये, तो खर्च आपल्यालाच करावा लागणार आहे. नंतर अ‍ॅम्पला जोडून खालच्या तिन्ही सरकत्या कळा आणि वरची कळ दहा-दहा वेळा सरकवाव्यात. खरखर झाली तर ती बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, पण आवाज मध्येच तुटत असेल तर कळ बदलावी लागेल. ट्रस रॉड पाव फेरा फिरतो का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पावसाळ्याच्या दमटपणाने नेक हलते, आणि रॉड अडकलेला असेल तर ती सरळ करण्याचा मार्ग उरत नाही.

घरी आणल्यावर ब्रिज उचलून बाहेर काढावा, जुन्या टूथब्रशने मीठ आणि धूळ झाडावी, आणि प्रत्येक स्क्रूच्या आट्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी एक थेंब सोडावा. जास्त तेल सोडल्यास त्यात धूळ बसते आणि ते ओघळून लाकडात उतरते. जून ते सप्टेंबर या काळात हे महिन्यातून एकदा करावे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने खालूनही पुसाव्यात, गिटार भिंतीला न टांगता सिलिका जेलच्या पुड्यांसह केसमध्ये ठेवावी, आणि पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात. लेप दिलेल्या तारा महाग असल्या तरी किनाऱ्यालगतच्या घरात त्या साध्या तारांपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात. जॅग्वारवर ११ चा संच लावावा : २४ इंचांवर तो लांब गिटारीवरच्या १० च्या संचापेक्षा थोडाच कडक लागतो, आणि तार सॅडलवर बसून राहते.